चोकची दांडी का तापली?

आमची मारुती ८०० ही १९९८ सालची. कार्ब्युरेटरवाली, हाताने ओढायचा चोक असलेली. नगरच्या सावेडीहून राहुरीकडच्या शाळेत जायला मी ती वापरते. नागापूर एमआयडीसी, विळद घाट, देहरे, वांबोरी फाटा हा माझा रोजचा रस्ता. मनमाड रस्त्याचे हादरे ज्यांनी खाल्लेत, त्यांना जुन्या गाडीचे नटबोल्ट कशा अवस्थेत असतील हे सांगायला नको. गाडी मला नीट चालवता येते. बॉनेटखाली मात्र पाणी कुठे घालायचं आणि ऑइल तपासायची पट्टी कुठली, एवढंच मला ठाऊक होतं. तिथली बाकी प्रत्येक वस्तू माझ्यासाठी अनोळखी होती.

उन्हाळा सुरू झाला आणि गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी विजेची मोटर, जड झाला. किल्ली फिरवली की इंजिन दमल्यासारखं हळूहळू फिरायचं, कधी लागायचं, कधी नाही. एकदा बराच वेळ सेल्फ मारावा लागला आणि रबर तापल्याचा वास आला. बॉनेट उघडून वायरींना उलटा हात लावून पाहिला, कारण बोटांनी धरलेली तापलेली वस्तू चटकन सोडता येत नाही. बॅटरीच्या लाल केबलचं बॅटरीकडचं टोक कोमट होतं. काळी केबल बॉडीला जिथे नटाने आवळली आहे तिथे चांगलीच गरम होती आणि तिचं आवरण मऊ पडलं होतं. इथपर्यंत काहीतरी अर्थ लागत होता. पण आत बसून चोक ढकलायला गेले, तर त्याची धातूची दांडीसुद्धा तापलेली. चोकची तार विजेची नाही. ती फक्त कार्ब्युरेटरची झडप ओढते. ती का तापावी, हे मला कळेना आणि मग दुसरं काही सुचेना.

घरी सगळ्यांचं एकच मत होतं, बॅटरी गेली. मलाही ते पटलं होतं. बॅटरीच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने नवी बॅटरी काढण्याआधी जुनी तपासली. गाडी बंद असताना मीटरने १२.६ व्होल्ट दाखवले. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा साधारण एवढाच असतो, असं तो म्हणाला. मग त्याने दोन मोठे चिमटे लावलेलं एक यंत्र जोडलं. ते बॅटरीतून मुद्दाम जोरात वीज ओढतं आणि तेव्हा तिचा दाब किती पडतो ते दाखवतं. काटा दहाच्या खाली आला नाही. “मॅडम, बॅटरी चांगली आहे. केबल बघा,” तो म्हणाला आणि पैसेही घेतले नाहीत. हाती आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

केबल बघायची म्हणजे काय बघायचं? बाहेरून ती अखंडच दिसत होती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांना विचारलं, तर त्यांनी नववीचं पुस्तक उघडून ‘धाराविद्युत’ आणि दहावीचं उघडून ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा पुढे ठेवला. मी मराठी शिकवते. ही पुस्तकं शेजारच्या कपाटात असतात आणि मी ती कधी हातात घेतली नव्हती. सरांनी गीझरपासून सुरुवात केली. घरातला दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टवर चालतो, म्हणून त्याला साधारण नऊ अँपिअर पुरतात. गाडीतला सेल्फ त्याहून लहान असतो, पण त्याच्यापाशी फक्त बारा व्होल्ट. दाब कमी, म्हणजे तेवढंच काम करून घ्यायला प्रवाह जास्त लागणार. छोट्या गाडीचं इंजिन फिरवतानासुद्धा शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. अंगठ्याएवढ्या जाड केबलचं कोडं मला तेव्हा सुटलं. घरातल्या कुठल्याही वायरीपेक्षा ती जाड, आणि व्होल्ट मात्र बाराच.

उष्णतेचं गणित तिथून पुढे येतं. जर्मनीच्या गेओर्ग ओमने १८२७ मध्ये दाब, प्रवाह आणि रोध यांचं नातं मांडलं. इंग्लंडच्या जेम्स जूलने १८४० च्या सुमारास दाखवलं, की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. दहा अँपिअरवर एखाद्या गंजलेल्या जोडाला काहीच होणार नाही. दिवे लागतील, हॉर्न वाजेल. त्याच जोडातून शंभर अँपिअर गेले की उष्णता शंभरपट. माझ्या गाडीचे दिवे ठणठणीत होते आणि सेल्फ मरगळलेला होता, त्यामागे हेच होतं. दिवा लागतो म्हणजे वायर चांगली, ही माझी आजवरची समजूत त्या दिवशी गेली.

पुढे जे मिळालं ते फार उपयोगाचं होतं. सर म्हणाले, केबल सगळी लांबीभर तापली तर ती बारीक आहे किंवा सेल्फच अडखळून जादा वीज ओढतोय. एखादं टोकच तापलं तर दोष त्या जोडात. म्हणजे हाताला लागलेली उष्णता दोषाचा पत्ता सांगते. काळ्या केबलचा बॉडीकडचा नट त्यात सापडत होता, लाल केबलचं टोकही सापडत होतं. चोकचं उत्तर मात्र सरांकडेही नव्हतं.

मी एक साधा डिजिटल मल्टिमीटर विकत आणला. रोध मोजायचा तर रोधाच्या खुणेवर बटण फिरवायचं, असं मला वाटलं. काळ्या केबलच्या दोन टोकांना मीटरच्या दोन्ही सुया लावल्या, ०.३ ओम आलं. मग सुया एकमेकींनाच टेकवल्या, तरी ०.३ ओम! तो रोध मीटरच्या स्वतःच्या तारांचा होता. एक मीटर लांब, १६ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या केबलचा रोध एका ओमच्या हजाराव्या भागाएवढा असतो. माझ्या मीटरला तो दिसणं शक्यच नव्हतं. शिवाय केबलमधल्या शेकडो तारांपैकी पाचच शाबूत असल्या तरी अशा मोजणीत ती केबल पास होते. प्रवाह मोजावा म्हटलं, तर मीटरवर १० अँपिअरची मर्यादा छापलेली. सेल्फचा प्रवाह त्यातून नेला तर आतला फ्यूज उडणार, किंवा त्याहून वाईट काही होणार. वायरीभोवती नुसता चिमटा अडकवून प्रवाह मोजणारा मीटर घरगुती वायरमनकडे असतो, पण त्यातले बरेचसे फक्त घरातली उलटसुलट वाहणारी वीज मोजतात, बॅटरीची सरळ वीज त्यांना कळत नाही. ओमही मोजता येत नाही आणि अँपिअरही मोजता येत नाहीत, इथे येऊन मी थांबले.

वाट दाखवली ती मनमाड रस्त्यावरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने. “मॅडम, व्होल्टवरच मोजा. पण सेल्फ फिरत असताना,” तो म्हणाला. केबल आणि जोड निर्दोष असतील, तर त्यांच्या दोन टोकांत दाबाचा फरक जवळजवळ शून्य यायला हवा. जो भाग वीज अडवतो, तो दाब खातो, आणि खाल्लेला दाब मीटरवर दिसतो. एका बाजूच्या सगळ्या केबलने आणि जोडांनी मिळून पाव व्होल्टच्या आसपास खाल्लं तर चालतं. अर्ध्याच्या वर गेलं की काहीतरी बिघडलंय. प्रवाह तोडायचा नाही, केबल सोडायची नाही, फक्त दोन सुया टेकवायच्या. इतकी सोपी, इतकी सुंदर रीत आहे ही, आणि ती मला पन्नाशीत कळावी याची हळहळ वाटली.

त्याने काही गोष्टी बजावून सांगितल्या, त्या इथे लिहितेच. अंगठी, बांगड्या, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवायचं. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो, म्हणून जवळ काडी ओढायची नाही, ठिणगी पडू द्यायची नाही. बॅटरी सोडायची वेळ आली तर आधी काळी, म्हणजे ऋण केबल काढायची आणि जोडताना ती शेवटी लावायची. लाल आधी काढायला गेलो आणि पाना बॉडीला टेकला, तर त्या पान्यातूनच सगळा प्रवाह जातो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारायचा नाही आणि मध्ये त्याला थंड होऊ द्यायचं. मोजताना गाडी सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवायची. गिअर न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला, पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ ओढणी नाही.

रविवारी सकाळी मुलीला किल्लीवर बसवलं आणि मी मीटर घेऊन पुढे उभी राहिले. आधी बॅटरीचाच दाब. सेल्फ फिरताना १०.२ व्होल्ट. ठीक. मग लाल बाजू. एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरी त्याच खांबाला आवळलेल्या टर्मिनलवर. या दोन वस्तू एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, तरी त्यांच्यामध्ये ०.२ व्होल्ट हरवत होते. तिथून सेल्फच्या बोल्टपर्यंत केबलने आणखी ०.१५ खाल्ले. लाल बाजूचे एकूण ०.३५. पांढरी पूड साठलेलं ते टर्मिनल काढून धुवायला हवं होतं, पण मुख्य चोर तिथे नव्हता.

मग काळी बाजू. खांब ते टर्मिनल ०.०२. टर्मिनल ते केबलचं बॉडीकडचं टोक ०.१२. ते टोक आणि त्याच्या शेजारीच खरवडून उघडा केलेला बॉडीचा पत्रा, यांत ०.६! मी मुलीला पुन्हा किल्ली फिरवायला लावली. पुन्हा तेच. प्रवाह शंभर अँपिअर धरला, तर त्या एका नटाखाली साठ वॉट उष्णता तयार होत होती. डाग द्यायचं घरगुती सोल्डरिंग आयर्न साधारण पंचवीस वॉटचं असतं. केबलचं आवरण मऊ का पडलं, ते समजलं. इथेच मी थांबणार होते, कारण तापलेली जागा सापडली होती आणि आकडाही सापडला होता. पण इलेक्ट्रिशियनने सांगितलं होतं, शेवटच्या टोकापर्यंत मोजा. म्हणून एक सुई बॉडीवर ठेवली आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. १.२ व्होल्ट. नटाच्या दुप्पट चोरी इथे होत होती, आणि मी इथे हातसुद्धा लावला नव्हता.

मुलीने वहीत बेरीज केली. काळ्या बाजूचे १.९४, लाल बाजूचे ०.३५. बॅटरीच्या १०.२ मधून हे वजा केले तर सेल्फला ७.९ उरायला हवेत. सेल्फच्या बोल्टवर आणि त्याच्या धातूच्या अंगावर सुया टेकवल्या. मीटरवर ७.९ आले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. चोरीला गेलेला प्रत्येक व्होल्ट कुठे गेला, याचा हिशेब आमच्या वहीत होता.

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेलं असतं, नाहीतर त्याचा हादरा सगळा गाडीत येईल. रबर वीज नेत नाही. सेल्फमधून गेलेली वीज इंजिनच्या धातूत येते आणि तिथून बॅटरीकडे परत जायला तिला एक वेगळी तार द्यावी लागते. आमच्या गाडीत गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली चपटी पट्टी होती. खाली वाकून, टॉर्च मारून, ऑइल आणि माती पुसल्यावर ती दिसली. हिरवी पडलेली, आणि मधोमध थोड्याच तारांवर लोंबत असलेली. ज्या तारेबद्दल मी कधी ऐकलंही नव्हतं, तिच्यावर गाडी सुरू होणं अवलंबून होतं.

आणि मग चोक. विणलेली पट्टी मोडकळीला आली, तर वीज मिळेल त्या वाटेने घरी जाते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं आणखी काय काय आहे? चोकची पोलादी तार एका टोकाला कार्ब्युरेटरवर आणि दुसऱ्या टोकाला डॅशबोर्डच्या पत्र्यात. ॲक्सिलरेटरची तारही तशीच. सेल्फचा काही प्रवाह या बारीक तारांतून परतत होता, म्हणून चोकची दांडी तापत होती. ती अलीकडे घट्ट का झाली होती, तेही समजलं. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळायला लागलं होतं. ॲक्सिलरेटरची तार चालत्या गाडीत अशी अडकली असती तर काय झालं असतं, या विचाराने मला विळद घाटाचा उतार आठवला.

खात्री करायची रीतही सोपी होती. दुसऱ्या गाडीवरून बॅटरी जोडतात ती जंपर केबल घेतली. तिचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला. मुलीने किल्ली फिरवली आणि सेल्फ असा काही गरगरला, की मी मागे सरकले. काळ्या बाजूची घट ०.२ वर आली. चोकची दांडी गार राहिली. एका रुपयाचाही भाग न बदलता दोष सिद्ध झाला.

राहुरीला मामांकडे ऊस आहे. त्यांना हे सगळं उत्साहाने सांगितलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. “अगं, विहिरीवरच्या मोटरीचंही तसंच. सैल वायरीनं स्टार्टरची पेटी जळते,” ते म्हणाले. दर हंगामाआधी ते पेटीतले स्क्रू आवळतात. पूर्वी त्यांच्याकडे जीप होती आणि थंडीत ती हँडल मारून सुरू करायचे. ते हँडल उलटं फिरून माणसांचे हात मोडत. मोटारीला विजेचा सेल्फ आला तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये, चार्ल्स केटरिंगच्या प्रयत्नांतून. त्यानंतर हळूहळू ही जाड केबल मोटारींत सर्रास आली. लुना १९७२ पासून ज्या नगरमध्ये बनली, जिथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, तिथे मी वाढले. मुलांना दरवर्षी रणगाडे दाखवायला नेते. तरीही विजेला परत जावं लागतं, हे मला चोकच्या दांडीवरून कळलं.

दुरुस्तीसाठी केबल आणायला गेले, तर दुकानदाराने विचारलं, “किती स्क्वेअरची? सोळा की पंचवीस?” आवरणाची जाडी बघून फसू नये, आतलं तांबं बघावं. काही स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे त्याच जाडीत तेवढी जास्त उष्णता. मी पंचवीस स्क्वेअरची तांब्याची घेतली. इलेक्ट्रिशियनने टोकांना तांब्याचे लग, म्हणजे नटात अडकवायच्या कड्या, मोठ्या प्रेसने दाबून बसवले. पक्कडीने चेपलेला लग काही महिन्यांत सैल होतो, असं तो म्हणाला. त्याने बॉडीवरचा रंग आणि गंज काचकागदाने घासून चकचकीत पत्रा काढला, नटाखाली दातेरी वॉशर घातला, जोड आवळला आणि मगच वरून ग्रीस लावलं. ग्रीस आवळल्यानंतर लावायचं, हे त्याने दोनदा सांगितलं. विणलेल्या पट्टीच्या जागी नवी केबल थोडी ढिली सोडून लावली, कारण इंजिन रबरावर हलतं आणि ताणलेली तार पुन्हा तुटेल. लाल टर्मिनल मी स्वतः धुतलं, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून. पांढरी पूड फसफसून निघाली. चोक आणि ॲक्सिलरेटर, दोन्हींच्या तारा बदलून घेतल्या.

मग पुन्हा मुलगी किल्लीवर आणि मी मीटरवर. बॅटरी १०.१. काळी बाजू सगळी मिळून ०.२, लाल बाजू ०.२, सेल्फला ९.७. गाडी सुरू असताना बॅटरीवर १४.१, म्हणजे अल्टरनेटरही नीट चार्ज करतोय.

शाळेत हे विज्ञानाच्या सरांना सांगितलं, तेव्हा ते काही न बोलता मला पार्किंगमध्ये घेऊन गेले. त्यांची जुनी व्हॅन सकाळी सेल्फ ओढायला कुरकुरते. त्यांनी बॉनेट उघडलं, मी पर्समधून मीटर काढला आणि बांगड्या काढून त्यांच्या सीटवर ठेवल्या. त्यांची काळी बाजू ०.१५ निघाली, अगदी निरोगी. लाल बाजूला, सेल्फच्या बोल्टवर मात्र ०.८ दिसले. त्यांनी तो आकडा दहावीच्या पुस्तकात, जूलच्या नियमाच्या समासात पेन्सिलीने लिहून घेतला.